डावी दोरी

मंगळवार आला की दोरीवाले साडेनऊची बस पकडून फ्लाइंग स्कूलला जात. हातात चष्म्याच्या दुकानाची जुनी कापडी पिशवी. पिशवीत तीन दोऱ्या, मोजपट्टी, कोनमापक, पाणसळ, निळ्या चिकटपट्टीचं रीळ आणि एक वही. फाटकावरच्या रजिस्टरमध्ये ते दर वेळी पूर्ण नाव लिहीत, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नव्हती. पहारेकऱ्यापासून मुख्य शिक्षिकेपर्यंत सगळे त्यांना दोरीवाले म्हणत. ‘दोरीवाले आले’ असं कुणीतरी आत ओरडे आणि चहाचा एक कप वाढे. सबंध आठवड्यात त्यांच्या येण्याची अशी दखल घेणारी दुसरी जागा नव्हती.

वय एकसष्ट. त्यातली सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, फ्रेम नाकावर बसवायची, काचेचा नंबर यंत्रातून बघून खात्री करायची. ते यंत्र काउंटरच्या उजव्या टोकाला होतं. स्टुलावरून न उठता, उजवीकडे कलून, एक डोळा मिटून ते नळीत बघत. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने निरोप म्हणून कापडी पिशव्यांचा उरलेला गठ्ठा त्यांना देऊन टाकला.

नंतरचं काम त्यांना योगायोगानेच मिळालं. दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने घरी तीन मॉनिटर आणले होते. त्याला कॉम्प्युटरवर विमान चालवायचा नाद होता. एक मॉनिटर समोर, दोन बाजूंना कोनात वळवलेले, तीन आरशांच्या ड्रेसिंग टेबलासारखे. पण चित्र काही केल्या जुळेना. बाजूचे मॉनिटर वळवलेत हे कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही. तो तिन्हींवर एकच लांब चित्र पसरून मोकळा होतो. विमान जरा कललं की क्षितिज सांध्यापाशी कोपरातून मोडल्यासारखं दिसतं आणि धावपट्टी एका मॉनिटरवर संपून दुसऱ्यावर भलतीकडेच सुरू होते. प्रत्येक मॉनिटरची रुंदी, कोन आणि डोळ्यापासूनचं अंतर सांगावं लागतं. मग तिन्हींची तीन वेगळी चित्रं निघतात आणि खुर्चीवरून बघणाऱ्याला खिडकीबाहेरचं एकच आकाश दिसतं.

मात्र ते त्या खुर्चीवरूनच दिसतं. दोरीवाले त्या जागेला ‘डोळ्याची जागा’ म्हणत. तिथे एकाच माणसाचं डोकं मावतं. शेजारी स्टूल टाकून बसलेल्याला सगळं मोडकंच दिसणार. त्यामुळे घरातली माणसं एकदा डोकावतात, ‘वाकडं दिसतंय’ म्हणतात आणि पुन्हा त्या खोलीत फिरकत नाहीत. दोरीवाल्यांनी अशा सतरा-अठरा खोल्या पाहिल्या होत्या. प्रत्येक खोलीत खुर्ची एकच.

ती जागा शोधायला दोऱ्या. एक मधल्या मॉनिटरच्या मध्यावरून, दोन बाजूच्या मॉनिटरच्या बाहेरच्या कडांवरून. तिन्ही टोकं खुर्चीवर बसलेल्याच्या नाकाच्या मुळाशी एकत्र आणायची, दोऱ्यांची लांबी मोजायची, स्टँड हलवायचा, पुन्हा मोजायची. काम चार तासांचं. गिऱ्हाईक दहा मिनिटांत चुळबुळ करतं, पुढे वाकतं, फोन बघतं. म्हणून पहिली चार वर्षं खुर्चीवर दोरीवाल्यांची बायको बसत असे.

ती शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली. खुर्चीत बसली की ओळंबा सोडल्यासारखी. पापणी लवेल, पण डोकं हलणार नाही. नाकावर दोऱ्या धरलेल्या असतानाही तिचं तोंड चालू असे.

“अहो, झालं का?”

“होतंय.”

“सावधानमध्ये मुलंसुद्धा इतका वेळ उभी नाही केली मी.”

“मुलांना पगार नव्हता.”

“मला आहे?”

घरी असो की रस्त्यात, ती मध्येच नवऱ्याकडे बघून ‘मान!’ म्हणून ओरडे. ते मान हलवत. शाळेतली सवय सुटत नाही, असं त्यांना वाटे.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती परदेशी गेली, ती तीन महिन्यांसाठी. जावयाची नोकरी फिरतीची, नात नाजूक, पाळणाघर लांब. परतीचं तिकीट एकदा पुढे गेलं, मग आणखी एकदा. भांडण नव्हतं. कुणी काही ठरवलंही नव्हतं. बघता बघता दोन वर्षं झाली. रोज सकाळी ती फोनवर दिसे. दोरीवाले फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवत आणि समोर बसत.

“फोन सरळ ठेवा की हो. तुम्ही वाकडे दिसताय.”

त्यांनी फोनच्या एका कडेखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.

“आता?”

“आता तुम्ही सरळ, पण मागचं कपाट कलंडलंय.”

“कपाट जुनंच आहे.”

पुठ्ठ्याची घडी तिथेच राहिली. कपाटाचा विषय अधूनमधून निघे.

ती गेल्यावर खुर्चीवर बसायला कुणी उरलं नाही. दोरीवाले स्वतःच बसू लागले. बसायचं, तिन्ही दोऱ्या नाकाशी आणायच्या, चिमटीत धरून चिकटपट्टीची खूण करायची, उठायचं, मोजायचं, स्टँड हलवायचा, परत बसायचं. एका कामात तीस-पस्तीस उठाबशा. पी.टी.च्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ही शिक्षा कसली दिली कुणी?

एकट्याने केलेल्या पहिल्याच कामात डावी दोरी उजवीपेक्षा चार सेंटीमीटर लांब भरली. त्यांनी पुन्हा मोजली. तेवढीच. स्टँडचे दोन्ही हात मोजले, ते सारखे निघाले. त्यांनी विचार केला आणि दोष डाव्या बिजागरीवर टाकला. हात सारखा असला तरी बिजागरी ढिली असेल तर मॉनिटर सरकणारच. जे माप आलं तेच त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं, कारण माप लपवायचं नाही हा चष्म्याच्या दुकानातला नियम होता. दुसऱ्या घरीही डावी दोरी लांब. तिसऱ्याही. सगळ्यांकडे स्टँड एकाच कारखानदाराचे, दोरीवाल्यांनीच सुचवलेले. वहीत त्यांनी स्वच्छ अक्षरात मथळा घातला : डाव्या बिजागरीचा दोष. खाली तारखा आणि मापं.

मग त्यांनी कारखानदाराला पत्र लिहिलं. छोटा कारखाना, मालक स्वतःच वेल्डिंग करणारा. त्याचं उत्तर आलं : ‘आम्ही तपासलं, आम्हाला काही आढळलं नाही. पण आपण म्हणता तर असेल. नवीन बिजागरी पाठवत आहे.’ ती बसवली. डावी दोरी चार सेंटीमीटर लांबच. दुसरं पत्र गेलं, दुसरी बिजागरी आली. फरक शून्य. दोरीवाल्यांना त्या माणसाची थोडी कीव आली. काम मन लावून करतो, पण हातात सफाई नाही.

फ्लाइंग स्कूलचं काम याच काळात मिळालं. तळमजल्यावर हँगरला लागून एक खोली, तिच्यात शिकाऊ वैमानिकांसाठी सिम्युलेटर. तीन मोठे मॉनिटर, खरी खुर्ची, खरं सुकाणू. दोरीवाल्यांनी एक अख्खा आठवडा खपून ते बसवलं. पुढच्या आठवड्यात फोन आला : चित्र हललंय. ते गेले. सहा शिक्षक होते. प्रत्येकाला धावपट्टी जराशी चुकल्यासारखी वाटे आणि प्रत्येक जण आपल्या अंदाजाने आकडे फिरवून ठेवी. दोरीवाल्यांनी सगळं पूर्ववत केलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत तेच. शेवटी मुख्य शिक्षिकेने कंटाळून सांगितलं, “दर मंगळवारीच या. आणि हे असंच चालणार असेल तर आमच्या लोकांचे हात बांधून ठेवा तुमच्या दोऱ्यांनी.”

असा मंगळवार ठरला. सकाळी मापं, दुपारी कँटीनमध्ये विमानांच्या मिस्त्रीबरोबर जेवण. मिस्त्री पन्नाशीचा, बोलायला तिखट.

“दोरीवाले, खरं सांगा, तुम्हीच जाताना काहीतरी ढिलं करून ठेवता ना? नाहीतर पुढच्या मंगळवारी कोण बोलावणार?”

“तू इंजिनात ठेवतोस तसं?”

“मी ठेवलं तर माणूस खाली येतो. तुमच्याकडे पडला तरी खुर्चीतच.”

दोरीवाले हसत. आठवड्यातलं तेवढंच हसणं.

एका मंगळवारी मुख्य शिक्षिकेने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. शिक्षिका बेताच्या उंचीची, शब्दांना काटकसरी. टेबलावर शिकाऊंच्या नोंदींची चळत होती.

“गेल्या आठ महिन्यांत या सिम्युलेटरवर शिकून खऱ्या विमानात गेलेले सगळे रेघेच्या डावीकडे उतरतायत,” ती म्हणाली. “मधली रेघ सोडून मीटर-दीड मीटर. एकजात सगळे. जे यावर शिकले नाहीत ते रेघेवर उतरतात.”

दोरीवाल्यांनी पिशवीतली वही चाचपली.

“पुढच्या शुक्रवारी तपासणी आहे. अधिकारी स्वतः बसून बघणार. तोवर हे सुधारलं नाही तर खोलीला कुलूप. मग बाहेरची कंपनी येईल, त्यांची माणसं, त्यांचं यंत्र. तुमचं काम संपलं.”

“बिजागरी,” दोरीवाले म्हणाले.

“काय?”

त्यांनी वही काढून दाखवली. तारखा, मापं, पत्रांच्या नकला. शिक्षिकेने दोन पानं वाचली.

“म्हणजे स्टँडच सदोष आहे. मग आमच्या लेटरहेडवर तक्रार करते. या माणसाकडून आम्ही आणखी चार स्टँड घेणार होतो, ते रद्द. पण शुक्रवारचं काय?”

“बघतो,” दोरीवाले म्हणाले.

बसमध्ये त्यांनी हिशेब लावला. स्टँडच्या दोषावर ठोस पुरावा हवा. बाकीच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन बिजागऱ्या तपासाव्यात. दोन वर्षांत एकट्याने केलेली घरगुती कामं नऊ. दुसऱ्या दिवसापासून ते निघाले.

पहिले भूगोलाचे मास्तर. एकटेच राहणारे. खोलीत नकाशांच्या सुरळ्या, मधोमध खुर्ची. काम संपवताना दोरीवाले खुर्चीच्या पायांशी जमिनीवर निळ्या चिकटपट्टीच्या फुल्या मारत. फुल्या जागेवर होत्या. खुर्ची नव्हती. ती उजवीकडे सरकलेली, बरोबर बोटभर. पायांनी गालिच्यात खळगे पाडले होते, म्हणजे बरेच दिवस तिथेच होती.

“खुर्ची सरकवलीत?”

“हो. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. मग सगळं छान जागेवर आलं.”

“मला फोन का नाही केलात?”

“बोटभरासाठी कशाला फोन? मला वाटलं, माझंच बूड वाकडं.”

दुसरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याची खुर्ची जमिनीत बोल्टने पक्की. त्याने डाव्या कुशीला उशी खोचली होती, म्हणजे अंग आपसूक उजवीकडे रेलतं. आधी तो डोळे तपासून आला होता. नंबर नाही म्हटल्यावर उशी घेतली. तिसऱ्याची खुर्ची सरकलेली, चौथ्याचीही. सगळ्यांची उजवीकडे, सगळ्यांची बोटभर. कुणी तक्रार केली नव्हती. एकाला वाटलं आपल्या खोलीची फरशी उतरती आहे. एकाला वाटलं वय झालं. चार दिवसांत दोरीवाल्यांनी आठ खोल्या पाहिल्या. बिजागऱ्या आठही ठिकाणी घट्ट होत्या.

नववं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे खुर्ची फुल्यांवर होती. एक केसभरही हललेली नाही.

“एक नंबर काम!” डॉक्टर म्हणाले. “दोन वर्षांत हात लावला नाही. तुमच्यासारखा माणूस नाही.”

दोरीवाल्यांना बरं वाटायला हवं होतं. आठ जणांकडे चुकलेलं काम नवव्याकडे बरोबर कसं, हे त्यांना कळेना. त्यांनी डॉक्टरांना खुर्चीवर बसवलं आणि दोऱ्या ताणल्या. डावी सत्त्याऐंशी पूर्णांक चार. उजवी त्र्याऐंशी पूर्णांक पाच. डॉक्टर खुर्चीच्या बरोबर मध्ये बसलेले. खांदे मध्ये. दोऱ्या मात्र मध्ये नव्हत्या. दोरीवाले मॉनिटरच्या मागे गेले आणि तिथून त्यांच्याकडे बघितलं.

“डॉक्टर, मान सरळ करा.”

“सरळच आहे.”

“उजवीकडे कललीय.”

डॉक्टर हसले. “ती होय! ती आता अशीच जायची. तेवीस वर्षं पेशंटच्या उजवीकडे उभं राहून तोंडात डोकावतोय. आमच्या धंद्यात सगळे असेच.” मग त्यांनी दोरीवाल्यांकडे बोट केलं. “पण सांगताय कुणाला? पहिल्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा मला वाटलं, आपल्याच धंद्यातलं कुणीतरी आलंय.”

डॉक्टरांच्या बैठकीत उंच आरसा होता. दोरीवाले त्याच्यासमोर उभे राहिले. पिशवीतली एक दोरी काढली, टोकाला घराची किल्ली बांधली, दुसरं टोक कपाळावर धरलं आणि किल्ली खाली सोडली. ती स्थिर होईपर्यंत थांबले. दोरी दोन भुवयांच्या मधून निघाली, नाकावरून तिरकी सुटली आणि हनुवटीला दोन बोटं बाजूला टाकून खाली गेली.

घरचा आरसा त्यांनी स्वतःच टांगलेला होता. त्यात हे कधी दिसलं नव्हतं.

“चहा घेणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“नको,” दोरीवाले म्हणाले. किल्लीची गाठ सोडवायला त्यांना वेळ लागला.

खुर्चीवर बायको बसायची तेव्हा दोऱ्या सारख्या भरत. ती गेली, ते बसले, आणि डावी दोरी लांब झाली. वहीतल्या तारखा तेच सांगत होत्या. त्यांनीच त्या लिहिल्या होत्या. बाहुल्यांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या माणसाने दोन वर्षं दोरीचं एकच टोक तपासलं होतं. नऊ घरांत आणि एका शाळेत त्याने आपल्या मानेच्या मापाचं आकाश बसवून दिलं होतं. ते फक्त दातांच्या डॉक्टरांना बसलं.

सोमवारी, दिवस त्यांचा नसताना, ते स्कूलला गेले. शिक्षिकेच्या टेबलावर कारखानदाराला लिहिलेलं पत्र टाइप करून तयार होतं, सही तेवढी बाकी. दोन पानं. दोरीवाल्यांच्या वहीतली सगळी मापं तक्त्यात मांडलेली.

“बघून घ्या, आकडे बरोबर आहेत ना,” ती म्हणाली.

त्यांनी आकडे तपासले. सगळे बरोबर होते.

“हे पाठवू नका.”

“का?”

“स्टँड ठीक आहे. माझी मान वाकडी आहे.”

शिक्षिकेने पेन खाली ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. चष्म्याचं दुकान, नळी, बायको, उठाबशा, खुर्च्या, डॉक्टर, किल्ली. बाहेर एक विमान धावपट्टीकडे वळत होतं, त्याचा आवाज येऊन गेला.

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“दातांच्या डॉक्टरांना. अर्धवट.”

“तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.”

“नसतं कळलं.”

“नवा स्टँड आला असता, तुम्ही नीट बसवून दिलं असतं, संपलं असतं.”

“हो. पण तो माणूस दोन बिजागऱ्या फुकट पाठवून बसलाय.”

तिने पत्र उभं फाडलं, मग आडवं. “शुक्रवारपर्यंत होईल?”

“बसायला कुणीतरी हवं. ताठ मानेचं.”

मिस्त्री आला. कारण ऐकलं आणि आधी पोटभर हसून घेतलं.

“म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच! आणि आम्ही सहा शिक्षकांना शिव्या घालत होतो.”

“बस गुपचूप.”

“बसतो. पण दोरीवाले, इंजिनाखाली आयुष्य गेलं माझं. माझी मान सरळ असेल याची काय खात्री?”

यावर दोरीवाल्यांनी किल्लीची दोरी काढली. मिस्त्रीच्या कपाळावर धरली. ती भुवयांमधून निघून हनुवटीच्या खळीत उतरली.

“सरळ आहे,” ते म्हणाले.

“बायकोला फोन करून सांगतो. तिचा विश्वास बसणार नाही.”

दोन दिवस काम चाललं. मिस्त्री बसे, दोरीवाले मॉनिटरमागून वाचत. मधल्या वेळात सहाही शिक्षक एकेक करून किल्लीखाली बसून गेले. एकाची मान किंचित डावी निघाली, त्याने ती मान्य केली नाही. बुधवारी दुपारी डावी दोरी शहाऐंशी पूर्णांक एक भरली. उजवी शहाऐंशी पूर्णांक एक. दोरीवाल्यांनी दोन्ही पुन्हा मोजल्या आणि वहीत लिहिल्या. गेल्या दोन वर्षांच्या पानांत दोन सारखे आकडे शेजारी शेजारी तेवढेच. मिस्त्री उठला. दोरीवाले सवयीने खुर्चीत बसून बघायला गेले. त्यांना धावपट्टी डावीकडे सरकलेली दिसली. ते उठले.

शुक्रवारी अधिकारी आला, पाऊण तास बसला, विमान तीनदा उतरवलं. तिन्ही वेळा मधल्या रेघेवर. सही करून गेला. दोऱ्यांबद्दल त्याने काही विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी दोरीवाले साडेनऊच्या बसने गेले. मापं घेतली. काहीच हललेलं नव्हतं. शिक्षकांनी आकड्यांना हात लावला नव्हता, कारण आता कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. साडेदहाला काम संपलं. जेवणाची वेळ होईपर्यंत ते सिम्युलेटरच्या खोलीत स्टुलावर बसून राहिले. त्याच्या पुढच्या मंगळवारी मापं घ्यायला वीस मिनिटं लागली. निघताना शिक्षिका दारात भेटली.

“दोरीवाले, आता दर आठवड्याला कशाला त्रास घेता? तीन महिन्यांतून एकदा आलात तरी पुष्कळ. इतकं चांगलं बसलंय.”

“हो,” ते म्हणाले. “तीन महिने काही हलत नाही.”

मिस्त्रीने फाटकापर्यंत सोबत केली. “काम नसलं म्हणून काय झालं? चहाला येत जा.” पण फाटकावरच्या रजिस्टरमध्ये कामाचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय आत सोडत नाहीत. चहा त्या रकान्यात बसत नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

त्यांनी कारखानदाराला तिसरं पत्र लिहिलं. दोष बिजागरीचा नव्हता, तपासणाऱ्याचा होता, आपण दिलेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, दोन्ही जादा बिजागऱ्या परत पाठवत आहे. उत्तर आलं : ‘बिजागऱ्यांची घाई नाही. मान कशी आहे?’ हे पत्र दोरीवाल्यांनी वहीत ठेवलं.

आठ गिऱ्हाइकांना फोन केले. चूक माझी आहे, येऊन सुधारून देतो, खुर्च्या परत फुल्यांवर येतील. सहा जण म्हणाले राहू दे. भूगोलाचे मास्तर म्हणाले, “काका, खळगे पडलेत हो गालिच्यात. आता तिथेच बरं आहे.” दोघांकडे ते जाऊन आले. तिथे त्यांनी गिऱ्हाइकालाच बसवलं आणि ते चुळबुळ करू लागलं की ‘मान!’ म्हणाले.

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांची दाढी आठ वाजताच करून झाली होती. साडेनऊची बस घराखालून गेली तेव्हा ते स्वयंपाकघरात होते. त्यांनी साखरेचा डबा ओट्यावर ठेवला, फोन त्याला टेकवला. कडेखालची पुठ्ठ्याची घडी काढली. ती दोन वर्षांत दबून पापडासारखी झाली होती. मग स्टुलावर बसून त्यांनी डोकं डावीकडे आणलं, आरशासमोर रोज किल्ली सोडून ठरवलं होतं तिथपर्यंत. ती जागा त्यांना अजूनही वाकडी वाटे. उजव्या कानाखालून खांद्यापर्यंत एक शीर ताणली जाई.

बायको पडद्यावर आली. मांडीवर नात, तिच्या तोंडात स्वतःचीच मूठ.

“आज मंगळवार ना? गेला नाहीत?”

“तिथलं काम झालं.”

“म्हणजे?”

“नीट बसलं. आता तीन महिन्यांनी.”

“बरं झालं बाई, दर आठवड्याची दगदग संपली,” ती म्हणाली. मग तिकिटाचं सांगितलं. नातीच्या दाढा यायच्यात, जावई महिनाभर बाहेर, तेव्हा एवढा हिवाळा काढूनच. ते ‘हो’ म्हणाले. मान सरळ होती. ती बोलत होती आणि ते तेवढंच सांभाळत होते.

बोलता बोलता ती थांबली. फोनच्या जवळ आली. त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं.

“अहो, कपाट सरळ केलंत वाटतं.”

“हो,” ते म्हणाले. “केलं.”

“बरं केलंत. मला रोज भीती वाटायची, एखाद दिवस तुमच्या अंगावर येईल म्हणून.”